लिफ्टमध्ये अर्धी राहिलेली गोष्ट

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला वहिनीच्या कमरेची किल्ली काढून घेतली गेली, तीही सगळ्या वॉर्डासमोर. हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमनी नुसता हात पुढे केला. वहिनीने बावीस वर्षं कमरेला बांधलेली ती छोटी पितळी किल्ली सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. खिडकीजवळच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडून पडलेल्या बाईंना हे सगळं डोळ्यांनी बघावं लागलं, आणि उठून मध्ये पडायची सोय नव्हती.

बाई म्हणजे वहिनीची नणंद. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि त्यातली सव्वीस वर्षं अख्ख्या शाळेचं वेळापत्रक एकटीने बसवलं. एकाच शिक्षकाला एकाच तासाला दोन वर्गांवर पाठवायची चूक त्यांच्या हातून एकदाच झाली होती, आणि ती त्यांना अजून तारखेसकट आठवते. मंगळवारी पंखा पुसायला स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या त्या थेट इथे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्याने ऑपरेशन सोमवारवर गेलं होतं.

वहिनी वयाने चार वर्षांनी लहान, पण नात्याने मोठी. ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर. निवृत्तीला दोन महिने राहिलेले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, वन्सं. तुमची गोळी घ्या."

"गोळी घेते. काय झालं?"

वहिनी खाटेच्या कडेला टेकली. चोवीस तास हसतमुख असणाऱ्या तिचा चेहरा पार उतरला होता. "औषध चोरते म्हणतात मी. सोमवारी लेखी तक्रार जाणार आहे."

२

बाईंनी गोष्ट काढून घेतली ती धडा पाठ करून घ्यावा तशी, एकेक ओळ.

या हॉस्पिटलात बहुतेक मोडलेल्या हाडांची वयस्कर माणसं यायची. त्यांची हृदयं नाजूक, म्हणून भूल देताना डॉक्टर हृदयाला जपणारं एक औषध वापरायचे. औषध गुणी, पण खोड एक: डोळा लागता लागता माणसाचे हातपाय आपोआप झटके देतात. पेशंटला पत्ता नसतो, पण मोडलेलं हाड हलतं, शिरेतली सुई निघते. म्हणून डॉक्टर आधी दुसऱ्या एका औषधाचा छोटा डोस द्यायचे. त्याने आतून सगळं शांत होतं आणि झटके येत नाहीत. हे दुसरं औषध नशेचं म्हणून कुलपात, आणि कुलपाची किल्ली वहिनीच्या कमरेला.

"वर्षानुवर्षं कुणाचं बोट हललं नाही," वहिनी म्हणाली. "मी लेकीच्या बाळंतपणाला दहा दिवस रजेवर गेले, तेव्हाही नाही. मी आले त्या सोमवारपासून झटके सुरू. सात ऑपरेशनं झाली, पाच जणांना आले. म्हणे मी औषध काढून पाणी भरते."

"तू रजेवरून आलीस त्याच सोमवारी?"

"त्याच."

बाईंनी मनात दिवस मोजले. तारीख इतकी नेमकी जुळत असेल तर संशय घेणाऱ्यालाही नावं ठेवता येईनात. शिवाय मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी वहिनीला सांगितली नाही. सोमवारी त्या खाटेवर त्यांना स्वतःलाच जायचं होतं, आणि त्या चांगल्याच घाबरल्या होत्या.

"एक पेन दे," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या एक्स-रेचं ते मोठं पाकीट."

पाकिटाच्या पाठीवर त्यांनी सात ओळी आखल्या. दोन ओळींपुढे 'झटका नाही' लिहिलं, आणि त्या दोन ओळींकडेच बघत बसल्या. चोर असेल तर त्याने या दोघांना का सोडलं?

३

पहिली साक्ष शेजारच्याच खाटेवर होती. शिंपीणकाकू. उजव्या मनगटाला बँडेज, कारण झटक्यात हात खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटला होता. लेकाने आरडाओरडा केला आणि तिथून हे प्रकरण पेटलं. काकू मात्र मजेत होत्या.

"अहो, माझं लक्ष मनगटाकडे नाहीच," त्या म्हणाल्या. "मला खालच्या खोलीत ते छोटं इंजेक्शन दिलं. मग लिफ्ट. वर गेलो तर दारातच भूलवाले डॉक्टर. मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या कोटाचं दुसरं बटण लोंबतंय, पडेल. आणि मग एकदम संध्याकाळच."

"बटण दिसलं तुम्हाला? इंजेक्शननंतर?"

"दोराही दिसला. निळ्या कोटाला काळा दोरा. कुणी लावलं होतं कोण जाणे."

पाकिटावर बाईंनी लिहिलं: वर पोचल्यावर टक्क जागी. आणि त्या ओळीखाली एक रेघ मारली. ही साक्ष वहिनीच्या विरोधातच जात होती. खऱ्या औषधाने माणूस पेंगायला हवा, त्याला बटणाचा दोरा कसा दिसेल? पाणीच असलं पाहिजे.

दुपारी टापटीप आला. थिएटरचा तंत्रज्ञ. खरं नाव कुणी घेत नसे. चादरीची घडी तिरकी दिसली तर त्याला जेवण जात नसे, म्हणून टापटीप. वहिनी कपाटातून औषधाची काचेची कुपी काढणार, हा ती फोडून सिरिंज भरणार, डॉक्टर टोचणार, असा क्रम. म्हणजे संशयाच्या रांगेत वहिनीमागे हाच उभा. बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि शाळेत वापरायच्या त्या नजरेने बघितलं.

"खिशात काय आहे?"

टापटीपने नुसता खिसा धरला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तीन वेळा चाचपलास."

त्याने गोळ्यांची एक रिकामी डबी काढून उघडली. आत कापसावर सात फुटक्या कुप्या ओळीने निजवलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख आणि पेशंटचा नंबर.

"पहिला झटका आला तेव्हाच वाटलं, गाडी आपल्यावर येणार," तो म्हणाला. "म्हणून त्या दिवसापासून ठेवतोय. पण दाखवल्या तर म्हणतील, हा आधीपासून तयारीत होता."

बाईंनी एकेक कुपी उजेडात धरली. सगळ्यांची मान एकदाच, एकाच जागी तुटलेली.

"मान कोण मोडतं?"

"मीच. नाव मोठ्याने वाचून, डॉक्टरांसमोर. सील असलेल्या कुपीत पाणी भरता येत नाही, बाई. काच आहे ती."

"म्हणजे वहिनी सुटली."

"हो," टापटीप म्हणाला, आणि त्याने डबीचं झाकण लावलं. "म्हणजे आता मी अडकलो."

४

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी भूलवाले डॉक्टर तपासायला आले. गोल, प्रेमळ माणूस. चहाबरोबरच्या बिस्किटाला हात लावला नाही, आणि आपण लावत नाही हे दोनदा सांगितलं.

"वजन कमी करतोय," ते म्हणाले. "अडीच-तीन आठवड्यांत अंगातली ताकदच गेली. खालच्या खोलीतून जिन्याने वर जाईपर्यंत धाप लागते. आधी कसा निवांत पोचायचो, पाणी प्यायचो, हात धुवायचो, मग खाट यायची. आता धापा टाकत पोचतो तर पेशंट दारात हजर. वय झालं."

"तुम्ही लिफ्टने जात नाही?"

"लिफ्टमध्ये खाट, सिस्टर आणि लिफ्टवाले काका. जागाच नसायची. जिन्याची सवय लागली ती लागली."

बाईंनी ते लिहून घेतलं. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. वेळापत्रकात एखादा तास उगीचच नीट बसत नाहीसा वाटतो, तसं काहीतरी वाटलं. मग त्यांनी सरळच विचारलं. "डॉक्टर, हे झटके मुळात येतात कशामुळे?"

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला. "मेंदूत आवरून धरणारा एक भाग असतो. हे औषध त्याला आधी झोपवतं. बाकीचे भाग अजून जागे."

"म्हणजे वर्गशिक्षक आधी झोपले आणि पोरं मोकाट सुटली."

"अगदी बरोबर. आणि छोटा डोस म्हणजे पोरांना आधीच गप्प बसवणं."

"आणि तो छोटा डोस द्यायला तुम्ही विसरलात, असं झालं असेल?"

डॉक्टर रागावले नाहीत. "सात पेशंट, सात वेळा माझ्या हाताने दिला. हे मी मॅडमनाही सांगितलं. ते बोलून मी तुमच्या वहिनींना आणखी खोलात ढकललं हे नंतर लक्षात आलं. सिस्टरनी चोरी केली असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण मग दुसरं काय, ते मला सांगता येत नाही."

वॉर्डाच्या दारात कुणीतरी खाकरलं. लिफ्टवाले काका स्टूल हातात घेऊन उभे होते. "बाई," ते म्हणाले, "सगळ्यांची साक्ष घेताय म्हणे. माझीही एक चोरी झालीय. ती कुणी लिहून घेईल का?"

५

काकांची चोरी ऐकून वॉर्डात हशा पिकला. त्यांची गोष्ट चोरीला गेली होती.

"जुनी लिफ्ट होती ना, जाळीच्या दाराची," काका म्हणाले, "ती रडतखडत चढायची. दोन दारं ओढा, दांडा फिरवा, मध्ये एकदा ती दम खायची. पेशंट घाबरलेला असतो, म्हणून मी त्याला एक गोष्ट सांगायचो. एकच, वर्षानुवर्षं. वरचं दार उघडायला आणि गोष्ट संपायला एक गाठ पडायची. आणि त्या इंजेक्शनची कमाल अशी की नंतर कुणाला शेवट आठवायचा नाही, म्हणून तीच गोष्ट दुसऱ्या खुब्यालाही चालायची."

"आणि आता?"

"आता ही नवी. बटण दाबलं की वर. गोष्टीतला माणूस घड्याळजीच्या दुकानात शिरतो न शिरतो, दार उघडलंच. एकोणीस दिवस झाले, गोष्ट अर्धीच राहते. जीव तुटतो हो."

बाईंचं पेन थांबलं. "एकोणीस दिवस? म्हणजे नवी लिफ्ट त्या सोमवारी सुरू झाली? वहिनी रजेवरून आली त्याच?"

"त्याच. सिस्टर रजेवर होत्या तेव्हा जुनी काढत होते. ते दहा दिवस मागच्या उतारावरून ढकलगाडी."

"काका, नीट आठवून सांगा. या एकोणीस दिवसांत तुमची गोष्ट कुणाला पूर्ण ऐकवता आली?"

काकांनी बोटं मोजली. "दोघांना. एक तो बेकरीवाला, साडेसहा फुटी. पायाला वजनं लावलेली, खाट नव्या लिफ्टमध्ये बसेना, मागच्या उतारावरून नेला. सावकाश सांगितली त्याला. आणि दुसऱ्या त्या पोस्टातल्या बाई. त्यांच्या वेळी लिफ्ट मध्येच अडकली, पाच मिनिटं. त्यांना दोनदा सांगितली."

बाईंनी पाकीट उलटं केलं. 'झटका नाही' लिहिलेल्या दोन ओळी. तिसरी, बेकरीवाला. सहावी, पोस्टातल्या बाई.

त्यांना इतका आनंद झाला की त्या उठून बसायला गेल्या, आणि मोडलेल्या खुब्याने त्यांना जागच्या जागी परत आणलं. "आई गं," त्या म्हणाल्या, आणि हसत हसतच, "कुणीतरी मॅडमना बोलवा."

६

मॅडम रविवारी अकराला आल्या. डॉक्टर, टापटीप, वहिनी आणि काका खाटेभोवती उभे राहिले. शिंपीणकाकू एका कुशीवर वळून कान देऊन होत्या.

"चोरी झालीय," बाई म्हणाल्या, "पण औषधाची नाही. कुप्या बघा. सातही एकदाच तुटलेल्या, डॉक्टरांसमोर. म्हणजे पाणी भरलं तर ते टापटीपनेच, सिरिंजमध्ये. पण मग त्याने सातांतले नेमके दोघं सोडावेत, आणि ते दोघं नेमके लिफ्ट ज्यांना धड मिळाली नाही तेच असावेत, हे कसं? लिफ्ट कधी अडकणार हे त्याला आधी कळतं का?"

"मुद्द्यावर या," मॅडम म्हणाल्या, पण खुर्ची ओढून बसल्या.

"छोटा डोस खाली देतात. मुख्य औषध वर, खाट दारात आली की लगेच, कारण मोडलेलं हाड जागेपणी हलवायला नको. या दोन्हींच्या मध्ये किती वेळ जायला हवा, डॉक्टर?"

"दोन-तीन मिनिटं. छोटा डोस अंगात भिनायला तेवढी लागतात."

"आणि तो वेळ कोण मोजायचं?"

डॉक्टरांनी टापटीपकडे बघितलं, टापटीपने वहिनीकडे.

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "जुनी लिफ्ट मोजायची. तिला तीन मिनिटं लागायची म्हणून तुम्हाला कधी घड्याळ बघावं लागलं नाही. मग हॉस्पिटलने हौसेने चांगली लिफ्ट आणली, आणि ती मिनिटं गेली. काकूंना बटणाचा दोरा दिसला तो औषध खोटं होतं म्हणून नाही. ते खरंच होतं, पण अजून पोचायचं होतं. पोरं गप्प बसण्याआधीच वर्गशिक्षकांना झोपवलंत. आणि डॉक्टर, तुमचं वजन वाढलेलं नाही. तुम्ही पूर्वीच्याच वेगाने जिना चढताय, खाट लवकर पोचते आणि दम खायला वेळ मिळत नाही, इतकंच. बिस्किट खा."

मग डॉक्टर वहिनीकडे वळले. "सिस्टर, चूक माझी आहे. घड्याळ बघायचं काम माझं होतं."

वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

मॅडम मात्र सहज हलणाऱ्या नव्हत्या. "तर्क चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण तर्कच आहे. एका कुटुंबातल्या माणसाने केलेला."

"मग उद्या बघा," बाई म्हणाल्या. "मीच जातेय. कपाट तेच, कुपी तीच, किल्ली वहिनीच्या हातात, सिरिंज टापटीपच्या. बदलायचा तो फक्त वेळ. मला झटका आला तर तक्रार पाठवा."

"वन्सं, नको," वहिनी म्हणाली. "हाताला लागलं म्हणजे? तुमचं हृदय..."

"तू गप्प बस. बावीस वर्षं किल्ली सांभाळलीस, एक दिवस मला सांभाळ."

७

सोमवारी दहाला खालच्या खोलीत टापटीपने कुपीवरचं नाव खणखणीत वाचलं. डॉक्टरांनी छोटा डोस दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाले, "दहा वाजून चार. दहा वाजून सातच्या आत मी मुख्य औषधाला हात लावणार नाही." मग ते जिन्याने निघाले, अगदी सावकाश. मॅडम त्यांच्या मागे.

खाट लिफ्टमध्ये शिरली. वहिनीने बाईंचा हात धरला. भीती वाटते हे बाईंनी आता सरळ बोलून दाखवलं.

"मलाही," वहिनी म्हणाली.

काकांनी बटण दाबलं. लिफ्ट वर पोचली, दार उघडलं, आणि काका त्या दारात स्टूल आडवं घालून त्यावर बसले. "घाई नाही," ते म्हणाले. "तर एक माणूस होता. त्याचं घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडायचं. त्याने ते घड्याळजीकडे नेलं. घड्याळजीने दुरुस्त केलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि म्हणाला, हे पुन्हा बिघडवून द्या. घड्याळजी म्हणाला, अहो, का?"

का, ते बाईंनी ऐकलं. हसल्याही, असं म्हणतात.

८

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन तिरकं झालं होतं. खुबा जड होता, तोंड कोरडं होतं. बाईंनी सगळ्यात आधी हात वर करून बघितले. दोन्ही हात जिथल्या तिथे, सुई जिथल्या तिथे, ओरखडासुद्धा नाही.

"बोटही हललं नाही," वहिनी म्हणाली. "मॅडम स्वतः उशाशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी भिंतीवर कागद लावलाय, छोट्या डोसनंतर तीन मिनिटं, घड्याळ बघूनच. आणि मॅडमनी शिंपीणकाकूंच्या लेकाला स्वतः फोन केला."

बाईंनी मान वळवली. वहिनीच्या कमरेला पितळी किल्ली होती. मॅडमनी ती परत देताना काय म्हटलं ते वहिनीने सांगितलं नाही, पण सगळ्या वॉर्डासमोर दिली एवढं मात्र दोनदा सांगितलं. बाईंना इतकं बरं वाटलं की काही वेळ त्या किल्लीकडेच बघत राहिल्या.

मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वहिनी, तो माणूस. घड्याळ बिघडवून का मागतो?"

"लिफ्टमध्ये ऐकलंत की. केवढ्या हसलात."

"मला काही आठवत नाही. इतक्या साक्षी घेतल्या, आणि नेमकं हेच आठवत नाही. तू सांग."

"मी बावीस वर्षं ऐकतेय, पण मी सांगितलेली काकांना चालत नाही."

काकांना बोलावणं गेलं. ते स्टूल घेऊनच आले आणि खाटेशी ऐसपैस बसले. आज कुठलंही दार उघडणार नव्हतं.

"घड्याळजी म्हणाला, का?" काका म्हणाले. "तर तो माणूस म्हणाला, घड्याळ मागे होतं तेव्हा माझी सकाळची बस रोज चुकायची. मग पुढच्या बसची वाट बघत थांब्यावर उभं राहावं लागायचं. तिथे एक मुलगी उभी असायची. तीन दिवस झाले, मला बस वेळेवर मिळतेय आणि ती दिसत नाही."

शिंपीणकाकू बँडेजसकट टाळी वाजवायला गेल्या आणि थांबल्या. वहिनी, बावीस वर्षं ऐकूनही, हसली.

"मग दिलं का बिघडवून?" बाईंनी विचारलं.

"दिलं," काका म्हणाले. त्यांनी मनगटावरच्या जुन्या घड्याळात बघितलं आणि स्टूल उचललं. "निघतो आता. ती घरी चहाला थांबलेली असते."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. काकांच्या घड्याळात पाचच वाजले असणार.